भयाचे सोंग आणि सोंगामागचा माणूस : आरंभीच्या रॉक अँड रोलमधील भयकलावंत व कोकणचा संकासुर

प्रास्ताविक

फाल्गुन महिना लागला की मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी भरून जातात. पेण मागे पडते, रोहा येते आणि तेथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. २६ जानेवारी १९९८ रोजी हा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, त्यापूर्वी हीच वर्दळ पेण, नागोठणे, कोलाड अशा क्रमाने महामार्गावरून वाहत असे. शिमग्यासाठी गावी जाणाऱ्या या माणसाच्या मनात पालखी असते, होळी असते आणि लहानपणी ज्याला पाहून आपण आईच्या पदराआड लपलो तो संकासुरही असतो. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा जुडगा आणि हातात दोर किंवा काठी, असे हे सोंग. ते घरादारांतून पळत सुटले की मुले किंकाळ्या फोडतात आणि थोरमाणसे हसतात. भय आणि हास्य एकाच क्षणी, एकाच अंगणात नांदतात.

भय दाखवून गर्दी जमवावी, गर्दीला नाचवावे आणि अखेर हसवून घरी पाठवावे, ही रीत केवळ कोकणाची नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रॉक अँड रोल हे संगीत उदयास आले, तेव्हा त्याच्या पहिल्या काही वर्षांतच शवपेटीतून बाहेर येणारे, कवटीशी बोलणारे आणि किंकाळी हाच गाण्याचा अलंकार मानणारे गायक रंगमंचावर आले. या दोन परंपरांमध्ये देवाणघेवाणीचा संबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या असता भयाचे सोंग कसे उभे राहते, ते कोण धारण करतो आणि काळाच्या ओघात त्याचे काय उरते, या तीन प्रश्नांवर चांगला प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने मागोवा घेतला आहे.

१. कोकणातील भयाचे सोंग

संकासुर हे नाव शंखासुरावरून आले. वेद पळवून नेणाऱ्या शंखासुराचा मत्स्यरूप विष्णूने वध केला, ही कथा पुराणपरंपरेतील आहे. सिंधुदुर्गातील दशावताराच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांच्या प्रवेशांनंतर संकासुर येतो. अंगात काळा वेष, तोंडावर काळा बुरखा आणि तोंडी रोकडी मालवणी बोली. दिसायला तो भयंकर असला तरी त्याचे बोलणे गावातील वात्रट माणसाचे असते. तो थट्टा करतो, टोमणे मारतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो.

रत्नागिरी आणि रायगडच्या दक्षिण भागात नमन-खेळ्यांमधून व शिमग्याच्या फेऱ्यांमधून हाच संकासुर वेगळ्या रूपाने भेटतो. येथे त्याचे बोलणे जवळजवळ नाहीसे होते. उरतो तो नाच. मृदंगाच्या ठेक्यावर कमरेची घुंगरे वाजवीत तो अंगणात येतो. त्याच्या आगमनाची वर्दी डोळ्यांआधी कानांना मिळते. घुंगरांचा नाद जवळ येत जातो, त्या वाढत्या नादातच भय साठत जाते आणि प्रत्यक्ष आकृती दिसताच ते फुटते. ज्या मुलाला तो भिववितो, त्यालाच पुढे थोरांच्या आग्रहाने त्याच्या पायाशी आणले जाते. भय असे गावाच्या साक्षीने दिले जाते आणि गावाच्या साक्षीनेच फेडले जाते.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टोपी, दाढी आणि बुरखा यांमुळे संकासुर झालेला माणूस ओळखू येऊ नये, हा सोंगाचा नियमच आहे. गावातील जाणत्यांना तो कोण ते ठाऊक असते, पण ते उघड बोलले जात नाही. पुढील विवेचनात हा नियम पुन्हा पुन्हा आढळेल.

२. मराठी रंगभूमीवरील राक्षस

गावाच्या अंगणातील हे भय बंदिस्त रंगमंचावर आणि तिकिटाच्या व्यवहारात आले ते एकोणिसाव्या शतकात. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशा प्रकारचे खेळ रचण्यास प्रवृत्त केले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर झाले. १८५३ मध्ये भावे यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केले. या पौराणिक नाटकांतील राक्षसांचे प्रवेश हे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होते. रंगविलेले चेहरे, हातातील तलवारी, रंगमंचभर थयथयाट आणि ‘अललडुर्र’ अशी आरोळी, असा त्यांचा थाट असे.

पुढे इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढीने गद्य आणि बुकिश नाटके उभी केली, तेव्हा त्या आधीच्या प्रकाराला ‘अललडुर्र नाटके’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. ज्या आरोळीने कधी काळी नाट्यगृह दणाणत असे, ती अभिरुचीच्या इतिहासात टिंगलीचा विषय झाली. येथे दोन गोष्टी एकदमच घडल्या. आरोळी भाषेत राहिली. आरोळी ठोकणारा नट मात्र विस्मृतीत गेला. नाटककाराचे नाव, आश्रयदात्याचे नाव, नाट्यगृहाचे नाव इतिहासाने जपले. राक्षसाचे सोंग घेणाऱ्याच्या वाट्याला एक हेटाळणीचा शब्द आला.

३. शवपेटीतला गायक

अशाच एका आरोळीने अमेरिकेत शतकभरानंतर नवा प्रकार जन्मास घातला. १९३१ मध्ये हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे चित्रपट प्रदर्शित झाले होते. १९५७ पासून असे जुने भयपट तेथील दूरचित्रवाणीवरून घरोघरी दिसू लागले. नेमक्या याच वर्षांत रॉक अँड रोलची लाट उसळत होती. तरुण श्रोता एकाच आठवड्यात दूरचित्रवाणीवर पिशाच पाहत होता आणि रेडिओवर नवे संगीत ऐकत होता. या दोहोंचा मिलाफ होण्यास भूमी तयार होती.

जॅलेसी हॉकिन्स हा कृष्णवर्णीय गायक १८ जुलै १९२९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे जन्मला. त्याचा आवाज खर्जाचा आणि भरदार होता व ऑपेराचा गायक व्हावे ही त्याची आकांक्षा होती. ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ हे त्याचे गीत मुळात सोडून गेलेल्या प्रेयसीला उद्देशून केलेली संथ विनवणी होते. १९५६ मध्ये ओके रेकॉर्ड्स या कंपनीसाठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित होताना निर्माते आर्नल्ड मॅक्सिन यांनी वादकांसाठी खाण्याबरोबर भरपूर मद्यही मागविले. त्या नशेत गीताची लय आणि भाव पालटले. विनवणीचा हुंकार झाला, हुंकाराची किंकाळी झाली. आपण हे कसे गायलो याचे आपल्याला स्मरण नव्हते आणि नंतर ध्वनिमुद्रिका ऐकून ते गाणे नव्याने शिकावे लागले, असे हॉकिन्स सांगत असे. त्यातील कण्हणे-विव्हळणे असभ्य ठरवून काही रेडिओ केंद्रांनी ते वाजविण्याचे नाकारले.

रंगमंचावरील शवपेटी ही मूळ हॉकिन्सची कल्पना नव्हे. रॉक अँड रोलचा प्रसार करणारा प्रसिद्ध रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड याने त्याला पेटीतून बाहेर येण्याची सूचना केली व त्यासाठी पैसे देऊ केले. हॉकिन्सने आधी नकार दिला आणि मग तो राजी झाला. त्यानंतर लांब झगा, धुराचे लोट, काठीवर खोचलेली ‘हेन्री’ नावाची कवटी, नाकात हाडूक, असा त्याचा सरंजाम वाढत गेला आणि जॅलेसी हॉकिन्सचा ‘स्क्रीमिंग जे हॉकिन्स’ झाला.

या वेषाला अमेरिकेच्या वर्णभेदी समाजात एक वेगळाच अर्थ होता. नाकात हाडूक घातलेला, मंत्रतंत्र करणारा काळा माणूस हे गोऱ्या मनाने रचलेल्या ‘रानटी’ आफ्रिकेचे चित्र होते. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या मंडळींकडून त्यावर आक्षेप घेतला गेला. दुसऱ्या बाजूने पाहता, गोऱ्या समाजाच्या मनातील भीतीच अंगावर पांघरून तिची टर उडविणारा एक काळा गायक येथे दिसतो. ही दोन्ही वाचने खरी आहेत आणि त्यांतील ताण हॉकिन्सच्या आयुष्यातून कधीच नाहीसा झाला नाही. लोकांनी आपल्याला गायक म्हणून ओळखावे, ही खंत तो मुलाखतींतून व्यक्त करीत राहिला. १२ फेब्रुवारी २००० रोजी फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले, तोपर्यंत शवपेटीने त्याची पाठ सोडली नव्हती.

४. भयाकडून विनोदाकडे

हॉकिन्सचा कित्ता लवकरच सागरापार गिरविला गेला. लंडनच्या डेव्हिड सच या गोऱ्या तरुणाने ‘स्क्रीमिंग लॉर्ड सच’ असे नाव घेतले आणि तोही पेटीतून रंगमंचावर येऊ लागला. निर्माता जो मीक याच्यासाठी १९६३ मध्ये त्याने लंडनमधील कुप्रसिद्ध खुन्यावरील ‘जॅक द रिपर’ हे गीत गायले. बीबीसीने ते वर्ज्य केले. त्याच वर्षी सचने संसदेची पोटनिवडणूक लढविली आणि पुढे १९८० च्या दशकात ‘ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी’ नावाचा विडंबनपर पक्ष काढला. भयाचे सोंग येथे राजकीय थट्टेचे सोंग झाले.

अमेरिकेत बॉबी पिकेट याने १९६२ मध्ये ‘मॉन्स्टर मॅश’ हे गीत आणले. भयपटांतील नट बोरिस कार्लॉफ याच्या आवाजाची नक्कल करून गायलेले हे गीत ऑक्टोबर १९६२ मध्ये तेथील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले. बीबीसीने त्या वेळी तेही नाकारले. मात्र १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या स्थानापर्यंत चढले. हॉकिन्सच्या मूळ गीताला अशा यादीत स्थान मिळाले नव्हते. ज्याने भयाला आवाज दिला तो यादीबाहेर राहिला आणि ज्याने त्याचा खेळकर विनोद केला तो शिखरावर गेला. प्रवर्तक आणि लाभार्थी यांच्यातील हे अंतर लोकप्रिय कलांच्या इतिहासात वारंवार दिसून येते.

५. मुंबईच्या पडद्यावरील भय आणि ठेका

हे संगीत मुंबईत पोहोचले तेव्हा येथील चित्रपटसृष्टीत त्याला अनुकूल वातावरण होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि भगवानदादा पालव यांच्या ‘अलबेला’मध्ये १९५१ सालीच गोव्यातील हळदोणे गावचे तुतारीवादक चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावर झळकला होता. १९५७ च्या ‘आशा’ या चित्रपटात सी. रामचंद्रांनी रॉक अँड रोलचा ठेका हिंदी गीतात सहज रुजविला. भगवानदादांनी १९४९ मध्ये ‘भेदी बंगला’ हा रहस्यमय चित्रपटही केला होता. म्हणजे भय आणि पाश्चात्त्य ठेका हे दोन्ही घटक येथे वेगवेगळे उपलब्ध होते. ते एकत्र येण्याचाच अवकाश होता.

तो योग १९६५ मध्ये दोनदा जुळून आला. मेहमूद दिग्दर्शित ‘भूत बंगला’मध्ये शोभना समर्थ यांची कन्या तनुजा नायिका होती, संगीत राहुल देव बर्मन यांचे होते आणि त्यांनी स्वतः भूमिकाही केली होती. भुताटकीचा वाडा, सांगाडे आणि ट्विस्ट नृत्य या चित्रपटात एकमेकांना खेटून येतात. प्रेक्षकाला दचकवावे आणि लगेच नाचवावे, हे हॉकिन्स-पिकेट यांचे सूत्र येथे भारतीय रूपात दिसते.

दुसरा चित्रपट राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ च्या कादंबरीच्या कल्पनेवर बेतलेल्या या रहस्यपटाच्या आरंभी एका क्लबातील नृत्यगीत येते. डोळ्यांवर मुखवटे लावलेले नर्तक, लक्ष्मी छाया यांचे बेभान नृत्य, ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’ हा बँड आणि पुढे उभा राहून गाणारा हर्मन बेंजामिन. आवाज महंमद रफी यांचा आणि संगीत शंकर-जयकिशन यांचे. त्यांच्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोमंतकीय होते. हे दृश्य संपते आणि पुढे खुनांची मालिका सुरू होते. गीतातील आनंद हा येऊ घातलेल्या भयाचा पूर्वरंग ठरतो.

या गीताचे उत्तरायुष्य नोंद घेण्याजोगे आहे. २००१ मधील ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी हेच दृश्य दाखविले गेले आणि २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय जाहिरातीतून ते जगभर पोहोचले. ज्या देशातून हा ठेका मुंबईला आला, त्याच देशातील तरुणांनी तो मुंबईचा म्हणून पुन्हा ऐकला. परंतु पडद्यावर रफी यांच्या आवाजावर ओठ हलविणारा माणूस कोण, हे विचारणारे थोडेच होते. चित्रपटाचे शीर्षक त्यातील वादक-नर्तकांनाच लागू पडावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

६. प्रभाव टिकतो, नाव हरवते

हॉकिन्सच्या गीताला यादीत स्थान मिळाले नसले तरी त्याचा वारसा विस्तीर्ण आहे. १९६५ मध्ये नीना सिमोन यांनी ते गायले आणि त्यातील भयाखाली दबलेली मूळ विनवणी पुन्हा वर आणली. १९६८ मध्ये क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या वृंदाने त्याला गिटारचा साज चढविला. त्याच वर्षी इंग्लंडचा आर्थर ब्राऊन डोक्यावर पेटते शिरस्त्राण घेऊन गाऊ लागला. १९७० मध्ये ब्लॅक सॅबथची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि त्या दशकात अ‍ॅलिस कूपरने रंगमंचावर फाशी आणि शिरच्छेद यांचे देखावे उभे केले. दिग्दर्शक जिम जारमुश यांनी १९८४ च्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’मध्ये हॉकिन्सचे मूळ ध्वनिमुद्रण वापरले आणि १९८९ च्या ‘मिस्टरी ट्रेन’मध्ये खुद्द हॉकिन्सला भूमिका दिली. त्या भूमिकेत शवपेटी नव्हती. लाल पोशाखातला हॉटेलचा रात्रपाळीचा कारकून होता.

नाव हरवणे हे मात्र अटळ नव्हे, हे मराठीतीलच एका उदाहरणावरून सिद्ध होते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू या बाहुल्याने महाराष्ट्रातील एका पिढीला भिवविले आणि तितकेच हसविले. येथे बाहुल्यामागचे रामदास पाध्ये आणि आवाजामागचे दिलीप प्रभावळकर ही दोन्ही नावे प्रेक्षकांना ठाऊक आहेत. श्रेयनामावली, वृत्तपत्रे आणि मुलाखती यांतून ती नोंदली गेली म्हणून ती टिकली. सोंगाचे यश आणि माणसाची ओळख यांत विरोध नाही. प्रश्न नोंदीचा आहे.

याच कसोटीवर संकासुराकडे पाहिले असता परिस्थिती गंभीर दिसते. हॉकिन्सचे सोंग त्याच्यावर बाजाराने लादले, तरी ध्वनिमुद्रिकेवर त्याचे नाव राहिले. ‘गुमनाम’मधील बँडचे नाव निदान त्याच्या ढोलावर वाचता येते. गावच्या संकासुराला असा ढोल नाही. चेहरा झाकणे हा त्याच्या सोंगाचा धर्म आहे आणि तो खेळापुरता पाळलाच पाहिजे. पण खेळ संपल्यावरही जेव्हा त्या माणसाचे नाव कोठेच लिहिले जात नाही, तेव्हा धर्माची जागा उपेक्षेने घेतलेली असते. सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत असल्याने ते ‘परंपरेचे’ ठरते आणि ते नाचणाऱ्या, घुंगरे बांधून रात्रभर फिरणाऱ्या, धाकट्याला चाल शिकविणाऱ्या माणसाचे कर्तृत्व त्या एका शब्दात विरून जाते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. भयाचे सोंग वेष, नाद आणि अनपेक्षित आगमन या तीन साधनांनी उभे राहते. घुंगरू, ‘अललडुर्र’ आणि किंकाळी ही एकाच कार्याची तीन रूपे होत. ते टिकते ते हास्याच्या सोबतीने. निव्वळ भय फार काळ लोकप्रिय राहत नाही. आणि ते बहुधा अशा माणसाच्या अंगावर येते ज्याला अन्य मार्गाने मंच मिळणे कठीण असते. ऑपेरा गाऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय गायकाला मंच मिळाला तो पेटीतून उठल्यावरच.

पेण आणि रोहा येथील महाविद्यालयांच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक बाजूही आहे. दक्षिण रायगड आणि रत्नागिरीकडे जाणारा शिमग्याचा रस्ता याच दोन तालुक्यांतून जातो आणि वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी खेळ्यांची परंपरा आहे. त्यांनी आपल्या गावात संकासुर कोणी, कोणत्या वर्षापासून केला, कोणाकडून शिकला, घुंगरे कोणाची, टोपी कोणी शिवली, एवढ्या पाच गोष्टी जाणत्यांना विचारून व त्यांच्या संमतीने लिहून काढल्या, तरी इतिहास विभागाच्या कपाटात एक अमोल साधन जमा होईल. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण ज्यांच्या आठवणीत ही नावे आहेत ती माणसे वयोवृद्ध आहेत. हॉकिन्सला आयुष्याच्या उत्तरार्धात का होईना, पेटीबाहेरची एक भूमिका मिळाली. अंगणात नाचून गेलेल्या संकासुराला निदान वहीतली एक ओळ मिळावी.